वेबसाइटच्या किल्ल्या आमच्याच हाती ठेवणाऱ्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

आभाराच्या पत्रात ‘अमूल्य सहकार्य’ वगैरे लिहायची रीत आहे. ती बाजूला ठेवून, आमच्या बचत गटाच्या मसाल्याची वेबसाइट बांधताना तुम्ही नेमकं काय केलंत तेवढंच लिहितो. पहिली वेबसाइट करून घेणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मसालेवाल्याच्या ते उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठे आभार डोमेनचे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ही दुकानाची पाटी; होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, हा गाळा. पाटी तुम्ही बचत गटाच्या ईमेलवर, गटाच्याच मोबाइल नंबरने घ्यायला लावलीत. वेबसाइट बांधणारे बरेचजण ‘मीच बघतो’ म्हणत ती स्वतःच्या खात्यावर घेतात. पुढे त्यांचा फोन लागेनासा झाला, की पाटी दुसरीकडे हलवता येत नाही, कारण हलवायचा कोड त्याच खात्यातून मिळतो. डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवलंत, म्हणजे गाळा बदलला तरी पाटी तीच. शिवाय पहिल्या वर्षाचा स्वस्त दर न दाखवता दुसऱ्या वर्षाचा दर आधी दाखवलात. खरा खर्च तोच असतो.

देवनागरी पत्त्याचा मोह आम्हाला होता, ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं. पण तो पत्ता काही ठिकाणी चिकटवला की अगम्य रोमन अक्षरांची माळ दिसते, आणि त्यावरचा ईमेल बरेच फॉर्म घेत नाहीत. म्हणून मुख्य पत्ता ‘.इन’ ठेवलात. पटलं.

मजकुराचं काम मात्र खरं किचकट होतं, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही. लेबलांचा मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये होता. तो फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढतो, त्यामुळे वेबसाइटवर चिकटवला की नुसता कचरा उमटतो आणि शोधणाऱ्याला तो सापडतही नाही. तुम्ही सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदललंत आणि मग ओळ न् ओळ वाचलीत. रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘कऱ्हाड’चा ‘कर्हाड’ होतो. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलीत, त्यामुळे फाँटमध्ये सोय असेल तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू दिलं नाहीत, कारण शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र वाढवलंत, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात.

फोटोंबद्दल थोडक्यात. फ्लॅशखाली लाल तिखट भडक भगवं दिसतं, म्हणून खिडकीजवळचा दिवसाचा उजेड घेतलात. कांदा-लसूण मसाला आणि काळा मसाला लहान फोटोत सारखेच दिसतात, म्हणून एकाशेजारी लसणाचा गड्डा, दुसऱ्याशेजारी दगडफूल. फोनमधला ४-५ एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करून २०० केबीच्या आत आणलात.

प्रत्येक मसाल्याच्या पानावर निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि ग्राहकांसाठी संपर्क आहे. वजन-मापाच्या नियमांनुसार ऑनलाइन विक्रीतही ही माहिती दाखवावी लागते. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी नंबरही टाकलात.

कुरिअरचा हिशेब हा तर वेबसाइटवाल्याच्या कामाचा भागच नव्हे! बऱ्याच कुरिअरकडे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं. हे येणारं वजन आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. ३० × २० × १५ च्या खोक्यात अर्धा किलो मसाला घातला तर तो १.८ किलो ठरतो. लहान खोका घेतला तरी पुडी आणि खोक्याचं वजन धरून अर्धा किलोचा टप्पा ओलांडला जातो आणि दर एक किलोचा लागतो. म्हणून तुम्ही ४०० ग्रॅमची पुडी आणि २० × १२ × १० चा खोका सुचवलात. तो ०.४८ किलोचा भरतो.

पैसे घेण्यासाठी नुसता क्यूआर लावू दिला नाहीत, कारण पैसे आल्याचा स्क्रीनशॉट खोटा असू शकतो. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपन्या, मागतात ती पानं, म्हणजे परतावा, पाठवणी, गोपनीयता आणि संपर्क, अर्ज करण्याआधीच तयार ठेवलीत. गेटवेचं साधारण २ टक्के कमिशन आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०० रुपयांमागे ११ रुपये ८० पैसे, दरात आधीच धरलेत. व्हॉट्सॲपच्या दुव्यात ९१ आणि पुढे दहा आकडे. अधिकचं चिन्ह किंवा नंबरापुढचा शून्य त्यात घालायचा नसतो, हेही तुम्हीच दुरुस्त केलंत.

सरकत्या चित्रांची पट्टी हवी म्हणून आम्ही हटून बसलो होतो. ‘दुसरं चित्र कुणी बघत नाही,’ असं म्हणून तुम्ही ती काढलीत. अजून थोडं वाटतं, असायला हवी होती. असो.

बॅकअप नुसता घेऊन ठेवला नाहीत, तो दुसऱ्या जागी बसवून वेबसाइट उघडते का तेही पाहिलंत. आणि जाताना पासवर्डची वही आमच्या कपाटात ठेवून, तुमचं स्वतःचं लॉगिन आमच्यासमोर काढून टाकलंत.

कळावे, लोभ असावा.

आपल्या,
मसाला करणाऱ्या सगळ्याजणी