दोष सरबताचा नाही

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या बचत गटाच्या कोकम सरबताच्या तपासणीचा तुमचा रिपोर्ट सोमवारी कुरिअरने मिळाला. फोनवर आभार मानायला गेलो असतो तर "अहो, कामच आहे ते" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम घालत नाही. आधीचा रिपोर्ट ज्या प्रयोगशाळेने दिला तिचंही नाही, जरी हात शिवशिवतोय.

बचत गटाच्या कोकम सरबताच्या बाटलीवर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं छापलेलं, आणि तिथल्या रिपोर्टात एका ओळीत 'बेन्झोइक आम्ल आढळले', म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह सापडलं. त्या एका ओळीने काय होतं ते प्रयोगशाळेत बसून कळत नाही. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवणाऱ्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "तू काही घातलंस का गं?" चौकशीला गेल्यावर खिडकीतून उत्तर आलं, "मशीन खोटं बोलत नाही."

बरोबर आहे. मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलं काय होतं?

तुमच्या रिपोर्टला एक जादा पान जोडलेलं आहे. ते आम्ही मागितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही बिलात नाहीत. त्यावर एकाखाली एक दोन क्रोमॅटोग्राम, म्हणजे कुठला पदार्थ किती मिनिटांनी बाहेर आला ते दाखवणारे यंत्राचे आलेख. वरचा सरबताचा. खालचा नुसत्या मिथेनॉल या द्रावकाचा, पण आम्ही नमुन्यांसोबत पाठवलेल्या पाकिटातल्याच सिरिंज फिल्टरमधून गाळलेल्या मिथेनॉलचा. दोन्हींवर सव्वासात मिनिटांपाशी तोच बुटका उंचवटा, भोवती पेन्सिलीने गोल, आणि बाजूला तुमच्या अक्षरात : "हा फिल्टरचा. दोष सरबताचा नाही."

एवढंच. 'नमुन्यात आढळले नाही' हे तर छापील रिपोर्टात होतंच. पण 'दोष सरबताचा नाही' ही ओळ कुठल्याच फॉरमॅटमध्ये बसत नाही. ती लिहायला बाटलीमागे कुणीतरी माणूस आहे हे ध्यानात यावं लागतं. गटाच्या बैठकीत ते पान हातोहात फिरलं. क्रोमॅटोग्राम कुणाला वाचता येत नव्हता, ओळ सगळ्यांना वाचता आली.

आता जाणकारांसाठी थोडं, कारण ही चूक पुन्हा कुठेतरी होणार आहे. आधीच्या ठिकाणी ब्लँक, म्हणजे नमुना नसलेला नुसता द्रावक, लावलाच नव्हता असं नाही. लावला होता, पण तो बाटलीतून थेट व्हायलमध्ये (यंत्रात ठेवायच्या कुपीत) ओतलेला. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं शुद्ध बेन्झोइकचं द्रावण, तेही न गाळलेलं, कारण शुद्ध रसायनाच्या द्रावणात गाळायचं काय? गाळलं फक्त सरबत. त्यामुळे फिल्टरमधून जे सुटलं ते फक्त सरबताच्याच रनमध्ये दिसलं, आणि आळ सरबतावर आला. नायलॉनच्या फिल्टरमधून मिथेनॉलमध्ये यूव्हीत (अतिनील प्रकाशात) दिसणारे पदार्थ थोडेफार उतरतात, आणि सर्वांत जास्त उतरतात ते पहिल्या एक-दोन मिलिलीटरमध्ये. तिथे नेमके तेच पहिले थेंब व्हायलमध्ये भरले. (फिल्टर आमचेच होते, स्वस्तातले, हेही कबूल. 'फिल्टर-व्हायल स्वतःच्या आणा' हा नियम मात्र त्यांचा.)

पण फिल्टरचा पीक, म्हणजे तो उंचवटा, बेन्झोइकच्या जागी बसलाच कसा? इथे दुसरी गोम. बेन्झोइक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला अर्धं आम्ल आयन होतं तो आकडा, ४.२, आणि त्यांच्या बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएचही ४.२. म्हणजे अर्धं आम्ल आयन स्वरूपात, अर्धं नाही. अशा जागी पीएच ०.१ ने हलला तरी पीक पुढे-मागे सरकतो. आज एका मिनिटाला, उद्या दुसऱ्या. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ओळखीची चौकट रुंद केली : या अर्ध्या मिनिटात जो येईल तो बेन्झोइक. दार सताड उघडं ठेवलं की घरात कुणीही शिरणार. त्यात डिटेक्टर एकाच तरंगलांबीवर, २३० नॅनोमीटर. स्पेक्ट्रम पाहायचा प्रश्नच नाही.

तुम्ही पीएच २.८ ला आणला. लिटरला २.७२ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे २० मिलिमोलर, त्यात ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने. पीएच मोजला तो अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक मिसळायच्या आधी. नंतर मोजलेला आकडा दिसतो छान, पण त्याला अर्थ नसतो. २.८ ला बेन्झोइकचा जवळपास ९६ टक्के भाग आयन न होता राहतो, म्हणून तो कॉलमला (पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीला) जास्त धरून राहिला आणि उशिरा आला. फिल्टरवाला पदार्थ पीएचला दाद देत नाही, तो होता तिथेच राहिला. दोघांची फारकत झाली. मग नमुन्यात मुद्दाम स्टँडर्ड घालून रन घेतला : एकच पीक उंचावण्याऐवजी शेजारी दुसरा उभा राहिला. पीडीएवर, म्हणजे पूर्ण स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या डिटेक्टरवर, बेन्झोइकची २७३ नॅनोमीटरच्या आसपासची लहानशी कुबड असते, ती या आगंतुकाला नव्हती. एवढ्या साक्षी झाल्यावर तुम्ही पेन्सिल उचललीत.

(शेतातलं पीक येतं आणि यंत्रावरचा पीक येतो. कोकणात हे दोन्ही सांभाळणारी माणसं थोडीच.)

तुमच्या कामाची आणखी एक खूण रिपोर्टसोबतच्या लॉगशीटच्या प्रतीत सापडली. शेवटचं इंजेक्शन संध्याकाळी ५.१० चं, आणि पंप बंद केल्याची नोंद ६.२० ची. मधल्या वेळात आधी ९० : १० पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइल अर्धा तास, १ मिलि प्रतिमिनिट, आणि मगच जास्त अ‍ॅसिटोनायट्राइल. २५० बाय ४.६ मिलिमीटरच्या कॉलमला ३० मिलि म्हणजे आत मावणाऱ्या द्रवाच्या साधारण बारा पट. घाईचा माणूस बफरवरून थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइलवर उडी मारतो. मग फॉस्फेटचं मीठ चेक व्हॉल्व्हमध्ये आणि फ्रिटमध्ये (कॉलमच्या तोंडाशी असलेल्या बारीक गाळणीत) बसतं, आणि सकाळी पंपाचा दाब चढलेला पाहून आदल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला बोल लावले जातात. सरबतासारखा साखरेचा नमुना असेल तर सुईसुद्धा पाण्या-मिथेनॉलने धुवावी लागते, नाहीतर साखर वाळून इंजेक्टर चिकटतो. तुमच्या शीटवर तीही नोंद आहे. यातलं काहीच ग्राहकाला दिसत नाही, बिलात येत नाही आणि बढतीच्या फाइलमध्ये तर नाहीच नाही. शोधनिबंधात प्राध्यापकांची नावं छापली जातात. ज्याने बफर गाळला त्याचे आभार मानायचे झाले तर शेवटच्या परिच्छेदात, तेही आठवलं तर.

सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं असं आपल्याकडे समजतात. खिडकीवरचा तो माणूस गोडच बोलत होता, चहाही विचारला त्याने. शंका आल्यावर जेवणाची सुट्टी सोडून एक जादा ब्लँक लावणं, हा सभ्यपणा मात्र मी तुमच्या त्या पानावर पाहिला.

गटाने आता हायड्रोफिलिक पीटीएफईचे फिल्टर घेतलेत. पहिले २ मिलि वाहून टाकायचं हे पाकिटावरच मार्करने लिहून ठेवलंय.

आपला,
गटाच्या हिशेबवहीशेजारी बसणारा एक रसायनशास्त्राचा मास्तर

ता. क. : नायलॉनचे उरलेले फिल्टर परत पाठवू नका, तिथेच टाका. मूळ पानावरची पेन्सिल पुसट होईल म्हणून गटाने त्याची झेरॉक्स फाइलला लावली आहे. मूळ पान अध्यक्षबाईंनी घरी नेलं, ते काही परत मिळेल असं वाटत नाही.