शिबिरात साखर तपासता, मग हा एक प्रश्न का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आमच्या शिवाजी पेठेत एका तरुण मंडळानं बायकांसाठी आरोग्य शिबिर घेतलं. मांडव, खुर्च्या, चहा, सगळं नेटकं होतं. शे-दीडशे बायका आल्या. रक्तदाब पाहिला, साखर तपासली, हिमोग्लोबिन काढलं, वजनकाट्यावर उभं केलं. पाळीबद्दल मात्र एकीलाही कुणी काही विचारलं नाही. जिची पाळी गेली आहे तिला "त्यानंतर पुन्हा कधी अंगावरून गेलं का?" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. मला तो प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता तर माझे सात महिने वाचले असते, म्हणून हे पत्र.

मी तेव्हा ५३ वर्षांची होते, शाळेत शिकवत होते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कपड्यावर डाग दिसला. नवरात्रात अंबाबाईला जायचं राहिलं, याचंच तेव्हा जास्त वाईट वाटलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, अंगात अजून ताकद आहे तुझ्या, म्हणून आली परत." त्यांनी मायेनंच म्हटलं आणि मलाही ते ऐकून बरं वाटलं. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी पडला, तरी ती पाळी नसते, हे मला माहीत नव्हतं. पुढं पुन्हा गेलं तेव्हा एका दवाखान्यात गेले. तिथं तपासणी न करता रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. त्या थांबण्यानंच घात केला, कारण मी निर्धास्त झाले. दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झालं, तेव्हा चैत्र उजाडला होता.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी सोनोग्राफी सांगितली. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी ११ मिलिमीटर निघाली. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल, तर ही जाडी ४ मिलिमीटरच्या आत असली की कॅन्सरची शक्यता फार कमी असते. त्यापुढं गेली की तुकडा तपासावा लागतो. बारीक नळीनं अस्तराचा नमुना घेतला. भूल नाही, दाखल होणं नाही. पोटात कळ आली आणि थोड्या वेळानं मी उठून घरी आले. रिपोर्टवर शब्द होता 'हायपरप्लेसिया'. म्हणजे अस्तराची बेसुमार वाढ. पेशींची ठेवण मात्र बिघडलेली नव्हती.

हे का झालं, असं विचारल्यावर बाईंनी जे सांगितलं ते ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात कुणालाही कळेल. इस्ट्रोजेन हे हार्मोन म्हणजे अस्तराला मिळणारं पाणी आणि खत. प्रोजेस्टेरॉन ही वाढ आवरतं, आणि त्याचा अंमल उतरला की पाळी येते, तीच तोडणी. पाणी-खत चालू आणि तोडणी बंद, असं वर्षानुवर्षं राहिलं तर फडाचं काय होईल? पाळी गेल्यावर अंडाशयाचं काम थांबतं, पण अंगावरची चरबी थांबत नाही. चरबीत एक विकर (एन्झाइम) असतं, ॲरोमाटेज नावाचं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून आलेल्या हार्मोनचं ते इस्ट्रोजेन करतं. चरबी जितकी जास्त, तितकं इस्ट्रोजेन जास्त. त्यात लठ्ठपणामुळं इन्शुलिन वाढतं, तेही या वाढीला हातभार लावतं. माझी उंची पाच फूट आणि वजन तेव्हा ८२ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानानं वजन मोजायचा आकडा) ३५. माझा समज होता की वजनानं गुडघे जातात, फार तर साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१६ साली लठ्ठपणाशी संबंध असलेले १३ कॅन्सर मांडले, त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. वजनाशी याच्याइतकं घट्ट नातं फार थोड्या कॅन्सरचं असेल.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण हायपरप्लेसियाला 'कॅन्सरच्या आधीची पायरी' म्हणतात, आणि ते शब्द ऐकून बायका एक तर हाय खातात, नाहीतर थेट "पिशवी काढूनच टाका" म्हणतात. अस्तर वाढलंय पण पेशी सरळ आहेत, असं असेल तर पुढच्या २० वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी असतं. त्यावर उपचार प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचा. मला हार्मोन सोडणारी तांबी बसवली (नाव तांबी, पण तिच्यात तांबं नसतं). अशा तांबीनं दहापैकी नऊ जणींचं अस्तर पूर्ववत होतं. पेशींची ठेवणच बिघडलेली असेल, ज्याला 'एटिपिया' म्हणतात, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं कॅन्सरचा धोका फार मोठा, आणि पिशवी काढल्यावर आत कॅन्सर आधीच सुरू झाल्याचं कितीतरी जणींत आढळतं. म्हणून तिथं पिशवी काढायचाच सल्ला देतात. मूल हवं असलेल्या तरुण मुलींना कडक देखरेखीखाली हार्मोनवर ठेवता येतं. आपण या दोन्हींतल्या कुठल्या बाजूला आहोत, हे तुकडा तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. नुसत्या सोनोग्राफीवर पिशवी काढायला निघालेल्या बहिणींनी आधी हा रिपोर्ट मागावा. आणि पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून निश्चिंत राहू नये, ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची आहे, आतल्या अस्तराची नव्हे.

हे फक्त माझ्या वयाचं दुखणं नाही. माझ्या भाचीला पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हार्मोन बिघडवणारा विकार आहे, पाळी तीन-तीन, चार-चार महिन्यांनी येते. "लग्न झालं की होईल ठीक" हे ती सोळाव्या वर्षापासून ऐकते आहे. बीजच सुटत नसेल तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि अस्तर तिशीच्या आतही वाढत राहतं. पंचेचाळिशीनंतर पाळीत खूप जायला लागलं तर "आता जायची वेळ आली" म्हणून सोडून देतो, तेही तपासून घ्यायला हवं.

वजनाबद्दल लिहिताना मला भीती वाटते ती टोमण्यांची. त्या शिबिरात वजन घेणारी मुलगी आकडा मोठ्यानं वाचत होती आणि रांगेत खसखस पिकत होती. पुढच्या शिबिराला यातल्या निम्म्या बायका येणार नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या २४ बायकांचं वजन प्रमाणाबाहेर आहे, शहरांत तर ३३. इतक्या जणी काही जिभेच्या लाडानं जाड झालेल्या नाहीत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. घरातलं सगळं उरकून रात्री साडेदहाला जेवणारी, उरलेलं टाकवत नाही म्हणून संपवणारी बाई व्यायाम कुठं करणार? शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. इथल्या पेठा तालमींनी ओळखल्या जातात. त्या तालमींत पन्नाशीच्या बाईला तासभर हातपाय हलवायला जागा आहे का? मी पहाटे रंकाळ्यावर चालते, कारण मला निवृत्तीनंतर ती सवड आहे. दीड वर्षात ११ किलो उतरले. माझ्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ती सवड नाही, आणि त्यांचं वजन माझ्याहून जास्त आहे. तालीम मंडळांनी दुपारी दोन ते चार हॉल बायकांना उघडून द्यावा, एवढी विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोचावी.

सहा महिन्यांच्या अंतरानं माझे दोन नमुने तपासले, दोन्ही चांगले आले. वजन मुळात जास्त होतं म्हणून आता दरवर्षी एकदा जाते. अंगावरून गेलं की पहिल्या आठवड्यात डॉक्टर गाठायचा, हे मी जाऊबाईंनाही बजावलं आहे.

शिबिर संपल्यावर मी मंडळाच्या पोरांना गाठलं. पुढच्या वेळी नोंदवहीत साखरेच्या शेजारी एक रकाना वाढवा म्हटलं: पाळी कधी गेली, नंतर रक्त गेलं का. पोरं माझ्याच हाताखाली शिकलेली, मान खाली घालून उभी राहिली. मग एकजण म्हणाला, "बाई, आम्ही कसं विचारणार?" मी म्हटलं, तुम्ही रकाना आखा. तिथं बसून विचारायला मी येते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर