सूनबाईला विचारलंस का?

प्रिय बाळा,
प्रभूच्या नावाने सलाम.

रविवारी तू रागाने फोन ठेवलास, ते मला कळलं. बँकेचा राजीनामा दिलास, जूनपासून दोघं चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात जाणार, आणि मी अभिनंदन करायचं सोडून विचारलं काय, तर "तिला विचारलंस का?" पपांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र हात रोजच्यापेक्षा जास्त थरथरत होता.

त्यांना अभिमानच वाटतो रे. मलाही वाटतो. रविवारच्या शब्बाथशाळेत भर सभेत स्तोत्र विसरून रडलेला तू, आता नंदुरबारकडे सेवेला निघालास. तिकडे घरोघरी मावची बोलतात, आधी ती ऐकायला शिक. सिकल सेल या रक्ताच्या आजाराची पोरं कण्हत येतील, तेव्हा वचन सांगायची घाई करू नकोस. जवळ बस, पाणी पाज. बघ, सुरू झालं माझं. क्षमा कर. चाळीस वर्षं मंडळीतल्या बायकांना सांगत आले, ती सवय जात नाही.

पपांची वडाळ्याच्या मंडळीतली बदली मला कळली ती उपासना सुटल्यावर, चपला घालताना, कोपरगावच्या काकूंकडून. पपांनी आठवडाभर आधीच होकार दिला होता. प्रभूने बोलावलं, म्हणाले. ताई पोटात होती. मी काही बोलले नाही, निळ्या ट्रंकेत भांडी भरली. पुढे ते काम माझंही झालं, अगदी मनापासून झालं. महिला मंडळ, रात्री-अपरात्रीच्या बाळंतिणी, दुष्काळात पडवीत शिजलेली खिचडी, पपांच्या कीर्तनाला माझी पेटी. त्यातलं काहीही मी परत देणार नाही. पण चपलांजवळची ती दहा मिनिटं अजून विसरले नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं तुला माहीत आहे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंना कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. बाईंनी पाच वर्षं घेतली. १९०० साली आल्या त्या स्वतःच्या मनाने आल्या. आपल्या उपदेशांत टिळकांचा त्याग येतो, ती पाच वर्षं फारशी येत नाहीत. आणि ख्रिस्ताच्या जीवनावरचं ते महाकाव्य, ख्रिस्तायन? टिळक ११ अध्याय लिहून गेले. पुढचे ६४ बाईंनी लिहिले, ज्यांना धड शाळाही मिळाली नव्हती.

तिने हो म्हटलं असेलच. पण कधी विचारलंस? गुडघे टेकून प्रार्थना झाली, डोळे उघडले आणि मग विचारलंस, असं असेल तर तिला नाही म्हणता येत नाही रे. देवालाच नाही म्हटल्यासारखं होतं. तिचे वडील एकटे आहेत. आयसीयूतली तिची जागा तिने किती वर्षांनी मिळवली, ते तू पाहिलं आहेस.

पुन्हा तेच लिहिलं. लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

ट्रंक माळ्यावरून काढली आहे, कडी नवी बसवून घेतली. पेटीही न्या, भाता दुरुस्त केलाय. सूनबाईला ड्यूटी संपली की मला फोन करायला सांग, कितीही वाजू देत. पपा झोपले की मी स्वयंपाकघरात बसून बोलेन.

तुझी,
आई