बेक केलेल्या ब्रेडमधली दाढी

लीड्स

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

‘द हिंदू’तल्या क्रिप्टिक, म्हणजे शब्दांनी चकवणाऱ्या इंग्रजी शब्दकोड्यात केक, पाव, विणकाम असलं काही आलं की गाडी अडते, असं तू लिहिलंस. माझ्या मते स्वयंपाक आणि शिवणटिपण उत्तम येणारीच तिथे जास्त फसते. शब्द ओळखीचा दिसला की ती सरळ भट्टीकडे नाहीतर दोऱ्याकडे वळते, आणि कोडं रचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

एक नियम घट्ट धर. उत्तराचा सरळ अर्थ सूत्राच्या, म्हणजे ‘क्लू’च्या, एका टोकाला असतो, सुरुवातीला किंवा शेवटी. मधे कधीच नाही. उरलेले शब्द म्हणजे खेळ. कंसातला आकडा म्हणजे उत्तरात रोमन लिपीतली किती अक्षरं आहेत ते. मराठी शब्दकोड्यात काना-मात्रेसकट एक चौकोन भरायची सवय इथे बाजूला ठेव. सूत्र कागदावर रोमनमध्येच लिहून घे.

हे बघ, मीच रचलंय: ‘फेशियल हेअर इन बेक्ड ब्रेड (५)’. वाचताना पावात केस निघाल्याची किळस येते. पण ‘बेक्ड’ हा इथे हुकूम आहे: शेजारच्या शब्दाची अक्षरं विस्कट. ब्रेडची पाच अक्षरं हलवली की ‘बिअर्ड’, म्हणजे दाढी. अर्थ सुरुवातीलाच दिलेला होता.

मूळ रूप मोडणारी जवळपास कुठलीही क्रिया असा हुकूम होऊ शकते. म्हणून बेक्ड, बीटन, व्हिप्ड, स्टर्ड, नीडेड आणि हस्तकलेतले वोव्हन, टँगल्ड, वॉर्प्ड दिसले की आधी शेजारची अक्षरं मोज. आकड्याशी बरोबर जुळली तर विस्कट. जुळत नसतील तर ती उत्तराचा फक्त एक भाग असतील, नाहीतर तो शब्द दुसरं काही करतोय. ‘रोल्ड’ दुटप्पी आहे: कधी विस्कटायला सांगतो, कधी शब्द उलटा लिहायला. ‘स्टफ्ड विथ’ म्हणजे एकाच्या पोटात दुसरं, ‘ट्रिम्ड’ म्हणजे टोकं छाट, ‘पाय फिलिंग’ म्हणजे पायच्या तीन अक्षरांतलं फक्त मधलं, आय. आणि ‘क्रस्ट्स’ म्हणजे फक्त कडेची अक्षरं. ‘रॉटन ब्रेड क्रस्ट्स राउंड ॲपल्स टॉप (३)’ यात ब्रेडच्या कडा बी आणि डी, मधे ॲपलचं पहिलं अक्षर ए: ‘बॅड’. रॉटन हाच अर्थ.

‘आय हिअर’, ‘रिपोर्टेडली’, ‘ऑन द रेडिओ’ असं काही असेल तर खेळ कानाचा. कणीक मळण्याचं ‘नीड’ आणि गरजेचं ‘नीड’, विणकामातला उलटा टाका ‘पर्ल’ आणि मोती.

आता खरे श्लेष. मराठीत ‘टाका’ शिवणीतलाही असतो आणि ‘फेका’ या अर्थाचाही, तसे. ‘सूअर’ म्हणजे गटार. तेच स्पेलिंग ‘सोअर’ वाचलं की शिवणारा. म्हणून ‘टेलर फाउंड इन ड्रेन (५)’. ‘सावर पेस्ट्री (४)’ म्हणजे टार्ट: आंबटही, गोड पदार्थही. इतकं नेटकं सूत्र मला फार आवडतं. ‘टॅक’ म्हणजे कच्चा टाका, छोटा खिळा, घोड्याचा साज, शिडाच्या होडीची दिशा. ‘बोल्ट’ म्हणजे कापडाचा तागा, दाराची कडी, पळ काढणं, बकाबका गिळणं. ‘डार्न’ म्हणजे रफू, आणि चिडून म्हटलेलं ‘श्या!’. ‘स्कोअर’ ही भट्टीत जाण्याआधी पावावर मारलेली चीर; शिवाय वीस, धावसंख्या आणि संगीताची स्वरलिपी. ‘कॉब’ हा इंग्लंडातला गोल पाव, नर हंस, ठेंगणा घोडा आणि मक्याचं कणीस. ‘बॅटर’ म्हणजे भज्यांचं पीठ, बडवणं आणि फलंदाज. एमसीसीने २०२१ साली क्रिकेटच्या नियमांत ‘बॅट्समन’ऐवजी हा शब्द घेतला, तेव्हापासून रचणाऱ्यांची आणखी सोय झाली.

सगळ्यात लबाड ‘फ्लॉवर’. फूल नाही, ‘फ्लो’ होणारी ती, म्हणजे नदी! बहुतेकदा छोट्या नावाची: डी, एक्स, कॅम, पो. (आपली फ्लॉवरची भाजी इथे चालत नाही.)

दोन धोके. ‘क्रोशे’मध्ये एक टी जास्त पडला की ‘क्रॉचेट’ होतं, संगीतातली एका मात्रेची खूण; अक्षरं मोजूनच भर. आणि स्वल्पविराम बहुधा फसवायलाच असतो, तो पुसून वाच. कोश घ्यायचाच तर चेंबर्स घे. इंग्लंडातले बरेच रचणारे तो उघडतात.

हे एक तुझ्यासाठी, यात हुकूम ‘होल्ड’ आहे: ‘दीज ॲमॅचर्स होल्ड लाइन ऑफ स्टिचेस (४)’. उत्तर पुढच्या पत्रात पाठव. आतोबांना सा. न.

तुझा,
बंड्या