वैभव, हे गेम खेळायलाच हवेत

प्रिय वैभव,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. नवीन लॅपटॉपवर तुझ्या अनन्याला कुठले गेम द्यायचे, हा पहिला. आणि मी या वयातही एवढ्या आवडीने खेळतो ते कशासाठी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत झालं असतं. दुसऱ्यासाठी सवडीने लिहायचं ठरवलं, कारण त्यावर मला मनापासून खूप काही सांगायचंय, आणि ते ऐकायला तुझ्याइतका जुना जोडीदार दुसरा कोण आहे?

सुरुवात टँकपासूनच करतो. 'बॅटल सिटी', जपानच्या नाम्कोचा, १९८५ सालचा. एका स्टेजला शत्रूचे २० रणगाडे, अशा ३५ स्टेज, आणि खाली मधोमध विटांच्या आड बसलेला तो गरुड. गरुड फुटला की खेळ खलास, मग लाइफ कितीही शिल्लक असोत. पिवळा रणगाडा माझा, हिरवा तुझा. आपल्या कॅसेटबरोबर नियमांचा साधा कागदही नव्हता, तरी आपल्याला सगळं कळत गेलं. समोरासमोर झाडलेल्या दोन गोळ्या एकमेकींवर आपटून विरून जातात. झाडीत शिरलं की आपला रणगाडा आपल्यालाच दिसत नाही. बर्फावर थांबायचं म्हटलं तरी तो पुढे घसरतो. आणि स्वतःची गोळी गरुडाला लागली तर गरुड आपल्याच हातून मरतो.

त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला आज जास्त समजते. तुझी गोळी मला लागली तर मी मरायचो नाही, फक्त काही वेळ जागच्या जागी गोठायचो. त्यावरून आपली केवढी भांडणं व्हायची! पण त्या भांडणांतूनच आपली पद्धत ठरली. तू वर जाऊन शत्रू जिथून येतात त्या तीन जागा धरायच्या, मी खाली गरुडापाशी थांबायचं, आणि एकमेकांच्या रेषेत उभं राहायचं नाही. पडद्यावर मधूनच उमटणारं फावडं मिळालं की गरुडाभोवतीच्या विटांच्या जागी पोलादी भिंत यायची, तेवढा वेळ मीही बेधडक वर यायचो. हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं. खेळाची रचनाच अशी केलेली होती की दोघांनी मिळून डोकं चालवल्याशिवाय पुढे सरकताच येऊ नये.

मला आवडलेल्या प्रत्येक गेममध्ये ही गोष्ट सापडते. हल्लीच्या बऱ्याच गेममध्ये पडद्यावरचं पात्र बलवान होत जातं, तलवार मोठी होते, आकडे वाढतात, आणि खेळणारा होता तिथेच राहतो. चांगल्या गेममध्ये उलटं घडतं. टँकमध्ये तीन स्टार घेतल्यावर पोलाद फोडता यायचं, पण मेलं की ते स्टार जायचे. कुठे उभं राहायचं ही समज मात्र जायची नाही. ती माझ्यात आणि तुझ्यात साठत होती, आणि तिची चव मला अजून सुटलेली नाही.

मारिओचंच बघ. सुरुवातीला तो पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे सगळी मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे हे न सांगता कळलं. समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. धडकलो तर मेलो, पण चार पावलंच वाया गेली. मग प्रश्नचिन्हाचा ठोकळा, त्यातून निघालेलं मशरूम. ते उजवीकडे जातं, पाइपला आपटतं आणि उलटं फिरून थेट आपल्याकडे येतं. डोक्यावर विटांचं छत असल्याने त्याच्यावरून उडी मारायलाही धड जमत नाही. ते अंगावर येतंच, मारिओ मोठा होतो, आणि ही वस्तू चांगली आहे हे आपल्याला पक्कं समजतं. मारिओचे निर्माते मियामोतो आणि त्यांच्या माणसांनी त्या पहिल्या अर्ध्या मिनिटावर किती विचार केला असेल! आणि तो सगळा गेम अवघ्या ४० केबीत. आज तू मला व्हॉट्सॲपवर पाठवतोस ते 'शुभ सकाळ'चं चित्रसुद्धा त्याहून मोठं भरतं.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'बद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण आपण तो वेगवेगळ्या शहरांत राहायला गेल्यावर संपवला आणि शेवटाबद्दल कधी बोललोच नाही. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो ॲपल टू कॉम्प्युटरसाठी बनवला, १९८९ मध्ये आला. राजपुत्र इतका खऱ्या माणसासारखा पळतो याचं कारण म्हणजे मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. कड्याला बोटांनी लोंबकळणं, अंग वर खेचणं, उडीआधीची ती दोन पावलं, या सगळ्याला वजन आहे. म्हणून तो खड्ड्यातल्या सुळ्यांवर पडला की आपल्या पोटात कालवायचं.

चौथ्या लेव्हलचा आरसा आठवतो? धावत येऊन आरशातून उडी मारायची, आणि आपलंच प्रतिबिंब दुसऱ्या बाजूने निसटून पळून जायचं. पुढे तीच सावली आपल्याआधी येऊन औषधाची बाटली पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या लेव्हलमध्ये आपल्या तोंडावर दरवाजा बंद करते आणि आपण खाली कोसळतो. केवढा राग यायचा तिचा! ती आली कशी याची गोष्टही सुरेख आहे. मेकनरच्या कॉम्प्युटरची मेमरी भरत आली होती, नवीन शत्रूची चित्रं मावायला जागाच नव्हती. मग राजपुत्राच्याच चित्रांवर थोडी आकडेमोड फिरवून त्यातून सावली उभी केली. अडचणीतून आलेली ती सावली पुढे सगळ्या गेमचा प्राण ठरली.

बाराव्या लेव्हलला ती तलवार काढून समोर उभी राहते. तिला वार करावा तर आपलंच रक्त कमी होतं. पुन्हा वार, पुन्हा तेच. घड्याळ चालू असतं, कारण सगळा गेम एका तासात संपवायचा. पडद्यावर एकही सूचना येत नाही. आणि मग कधीतरी उमगतं, की हा मीच आहे, याला मारून कसं चालेल? तलवार म्यान केली की तीही म्यान करते. दोघं एकमेकांच्या दिशेने धावतात आणि एक होतात. त्यानंतर समोर नुसती पोकळी दिसते, पण विश्वासाने पळत सुटलं की पायाखाली एकेक फरशी उमटत जाते. मला हे जमलं त्या रात्री झोप लागली नाही. तलवार खाली ठेवायची ही कल्पना मला आपणहून सुचावी म्हणून कोणीतरी सगळी मांडणी करून ठेवली होती, आणि माझ्यावर विश्वास ठेवून तो गप्प बसला होता. तुलाही शेवटी तसंच वाटलं होतं का, ते मला लिहून कळव.

आता नवीन गेमकडे येतो. यातला 'आउटर वाइल्ड्स' मला सगळ्यांत जवळचा. २०१९ चा. ॲलेक्स बीचम नावाच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत विद्यापीठात शिकताना प्रबंध म्हणून त्याची सुरुवात केली, मग मोबियस डिजिटलने तो पूर्ण केला. छोटीशी सूर्यमाला, लाकडी फळ्या ठोकून केलेलं यान आणि तू. बरोबर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं, आणि तू पुन्हा शेकोटीपाशी डोळे उघडतोस. यात पैसे नाहीत, हत्यारं नाहीत, यान शेवटपर्यंत तसंच राहतं. बरोबर येतं ते फक्त मागच्या फेरीत कळलेलं. शेवटच्या फेरीत जे करायचं असतं ते पहिल्याच फेरीत करता आलं असतं. कसं, तेवढंच ठाऊक नव्हतं.

आणि जागा तरी कशा! एक ग्रह आतून पोकळ, मधोमध कृष्णविवर, आणि त्याचा चंद्र वरून आगीचे गोळे टाकतो तसतशी जमीन तुकड्या-तुकड्यांनी आत पडत जाते. दुसरीकडे एकमेकांभोवती फिरणारे दोन जुळे ग्रह, एकावरची वाळू सतत दुसऱ्यावर वाहते. इकडच्या गुहा बुजत जातात, तिकडचे मनोरे उघडे पडत जातात. म्हणजे योग्य जागी जाऊन भागत नाही, योग्य वेळी जावं लागतं. भिंतींवर एका नाहीशा झालेल्या जमातीने लिहिलेली वळणदार अक्षरं, त्यांत त्यांचे वाद, चेष्टा, प्रयोग, पोरांचे खेळ. तो पोरांचा खेळ नीट वाच, एवढंच आत्ता सांगतो. वेगवेगळ्या ग्रहांवर तुझ्यासारखे प्रवासी एकेकटे बसलेत, कोणी बँजो वाजवतोय, कोणी बासरी, कोणी ढोल, कोणी माउथ ऑर्गन. दूर अवकाशात जाऊन त्या सगळ्यांच्या दिशेने आवाज टिपणारी दुर्बीण रोखली की ते सूर मिळून एक धून होते. वैभव, मी कितीदा तरी काहीही न करता नुसता तिथे तरंगत ऐकत बसलोय.

तुला स्वतःला मात्र मी दुसरा सुचवेन. तू खाती तपासणारा माणूस, कागदावरून माणूस ओळखणारा. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' तुझ्यासाठीच केलाय असं मला वाटतं. लुकास पोप या एका माणसाने जवळजवळ एकहाती घडवलेला, २०१८ चा. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १८०३ मध्ये बेपत्ता होतं आणि १८०७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं, वर जिवंत माणूस एकही नाही. तू कंपनीचा विमा तपासनीस. हातात यादी, जहाजावरच्या माणसांची रेखाचित्रं आणि एक अजब घड्याळ, जे सांगाड्याजवळ धरलं की त्या माणसाच्या मरणाचा तो एक क्षण गोठलेला दिसतो. आधी अंधारात आवाज, मग ते दृश्य. ६० जणांपैकी कोण कोण होता आणि त्याचं काय झालं, हे नोंदवहीत भरायचं. तीन जणांची माहिती अचूक भरली की गेम तेवढी पक्की करतो, त्यामुळे अंदाजाने ठोकून देता येत नाही. कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, बोलण्याची ढब कुठली, पायात काय घातलंय, झोपायच्या झोळीवर काय लिहिलंय, इतक्या बारकाव्यांवर माणूस ओळखावा लागतो. जहाजावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत. त्यांची नावं मी भरली तेव्हा गलबलून आलं. चित्रं सगळी फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची आहेत, ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर असायची तशी. पहिली पाच मिनिटं डोळ्यांना विचित्र वाटेल, मग दुसरं काही नकोसं होईल. हा वहिनींना शेजारी बसवून खेळ. एकाचं लक्ष तोंडाकडे असतं तेव्हा दुसऱ्याला मागचा माणूस दिसतो.

अनन्यासाठी आधी 'पोर्टल २', २०११ चा. भिंतीवर दोन भोकं पाडायची, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. उंचावरून खालच्या भोकात उडी घेतली की तोच वेग घेऊन समोरच्या भिंतीतून फेकले जातो. तिच्या पुस्तकातला संवेग तिला अंगाने कळेल. शिवाय त्यात दोघांनी खेळायचा पूर्ण वेगळा भाग आहे, दोन यंत्रमानव, प्रत्येकाची दोन-दोन भोकं, आणि एकट्याने सुटेल असं तिथे काहीच नाही. तो तू तिच्याबरोबर खेळ. एक कंट्रोलर विकत घ्यावा लागेल, घे.

'राजी'सुद्धा दे तिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० मध्ये आला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, पहाडी चित्रशैलीसारखे रंगवलेले महाल, मधली कथा बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली. लढाया मला थोड्या एकसुरी वाटल्या, कोडीही सोपी आहेत, आणि तरी त्या मुलीला दगडी खांबांमधून भिंतीवर धावत जाताना बघून ऊर भरून येतो. आपल्या लहानपणी असं काही नव्हतं. तिच्या लहानपणी आहे, तर तिने ते बघावं.

एक विनंती. रोज हजेरी लावली की बक्षीस देणारे, थांबलं की पैसे भरायला सांगणारे ते मोबाइलवरचे गेम तिला देऊ नकोस. वेळ जातो याची मला फारशी काळजी नाही. 'आउटर वाइल्ड्स'मध्येही वेळ जातो. पण त्यांत कळण्यासारखं काहीच ठेवलेलं नसतं, सवय लावायची सोय तेवढी असते. आणि यूट्यूबवर उत्तर शोधू द्यायचं नाही, तिलाही नाही आणि तुलाही नाही. 'ओब्रा डिन'चं उत्तर एकदा वाचलं की तो गेम पुन्हा कधीच तसा खेळता येत नाही. अडलात तर वही काढा, नकाशा काढा, दोन दिवस सोडून द्या. अगदीच अडलं तर मला रात्री नऊनंतर फोन कर. उत्तर सांगणार नाही, कुठे बघायचं तेवढं सांगेन.

वहिनींना नमस्कार, अनन्याला आशीर्वाद.

तुझा,
सुहास

ता. क. 'आउटर वाइल्ड्स' हेडफोन लावूनच खेळ, लॅपटॉपच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही. आणि पहिल्या तासात काही समजलं नाही तरी सोडू नकोस, संग्रहालयातली सगळी पाटी-पत्रकं वाचून मगच यान उडव.