राजवाड्यासाठी चाळीस मिनिटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की वर्तमानपत्रांत परदेश सहलींच्या जाहिराती सुरू होतात. अलीकडे त्यांत दक्षिण कोरिया ठळकपणे दिसू लागला आहे. ‘सर्व जेवणे भारतीय’, ‘मालिकांची चित्रीकरणस्थळे’, ‘खरेदीसाठी भरपूर वेळ’ ही त्यांतली मुख्य आश्वासने. गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी नात अशाच एका सहलीने सोलला गेलो. सहल संपल्यावर मंडळी परतली. आम्ही दोघी मात्र आणखी पाच दिवस मागे राहिलो. सहलीत पाहिलेला कोरिया आणि त्या पाच दिवसांतला कोरिया यांत इतके अंतर होते की हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. एवढा खर्च करून, या वयात गुडघे सांभाळत लोक तिथवर जातात. त्यांच्या पदरात काय पडते, याचा विचार सहल कंपन्यांनी आणि आपण प्रवाशांनीही करायला हवा.

ग्योंगबोकगुंग या मुख्य राजवाड्यासाठी आमच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटे होती. त्यातली दहा प्रसाधनगृहाच्या रांगेत गेली. सिंहासनाच्या दालनासमोर सगळ्यांचा एकत्र फोटो झाला, कोणत्या मालिकेतला राजपुत्र कुठे उभा होता ते कळले, आणि बसमध्ये बसलो. दोन दिवसांनी आम्ही दोघी मेट्रोने तिथे पुन्हा गेलो आणि सकाळपासून दरवाजे बंद होईपर्यंत थांबलो. हा वाडा १३९५ साली बांधला गेला. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी तो जळाला आणि जवळजवळ पावणेतीनशे वर्षे तसाच पडून राहिला. १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला, तर पुढे कोरिया ताब्यात घेतलेल्या जपानी राजवटीने त्यातल्या बहुतेक इमारती मोडल्या आणि अगदी पुढ्यात आपले भले थोरले सरकारी कार्यालय बांधले. ते पाडण्याची सुरुवात कोरियाने १९९५ साली १५ ऑगस्टला केली. १५ ऑगस्ट हा त्यांचाही मुक्तिदिन आहे. वाड्याच्या पार उत्तर टोकाला, जिथे चाळीस मिनिटांत कोणी पोहोचूच शकत नाही, तिथे राणी म्योंगसोंगचा निवास आहे. ८ ऑक्टोबर १८९५ च्या पहाटे जपानी मारेकऱ्यांनी तिला याच जागी ठार केले. त्या अंगणात आम्ही पोहोचलो तेव्हा शाळेची मुले बाईंचे बोलणे ऐकत उभी होती. एकाचाही आवाज नव्हता. भाषा कळत नसूनही मी त्यांच्या मागे उभी राहिले.

मी आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवले. म्हणून आता जे सांगणार आहे ते जरा लांबले तर क्षमा असावी. कोरियाची लिपी हानगुल. राजा सेजोंगने ती १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. तोवर लिहिणे-वाचणे चिनी लिपीत चाले आणि ते साधारण माणसाच्या आवाक्यातले नव्हते. दरबारातल्या पंडितांनी नव्या लिपीला विरोध केला. संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत लिहिणाऱ्या आपल्या संतांना काय ऐकावे लागले, हे ठाऊक असणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचे नाही. नवल आहे ते अक्षरांच्या घडणीत. ‘ग’चे चिन्ह काटकोनासारखे असते, कारण जिभेची मागची बाजू उचलून घशाशी टेकते तेव्हा तिचा आकार तसाच होतो. ‘न’चे चिन्ह वरच्या दातांमागे टेकलेल्या जिभेच्या टोकाचे. ‘म’ म्हणजे चौकोनी तोंड. ‘स’ म्हणजे दात. आणि महाप्राण करायचा असला की त्याच अक्षरात एक रेघ वाढवायची: काटकोनात रेघ आली की ‘ख’! कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. तेच वर्ग इथे अक्षरांच्या आकारात उतरलेले पाहिले आणि माझे डोळे भरून आले.

नातीने मला ही अक्षरे चार संध्याकाळी बसून शिकवली. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर स्थानकाच्या पाटीवरचे नाव मी पहिल्यांदा एकेक घास घ्यावा तसे वाचले: ग्योंग, बोक, गुंग. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी ते ऐकले, हसून दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बरेच काही बोलल्या. एकही शब्द कळला नाही, तरी गाडी येईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोलत होतो. दोन महिने आधी आमची सहलपूर्व बैठक झाली होती. तिच्यात खाकरे, मेतकूट आणि लोणच्याच्या पुड्या किती घ्याव्यात यावर पाऊण तास चर्चा झाली. या चोवीस अक्षरांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. सेजोंगच्या विद्वानांचे दालन ज्या जागी होते, ती वाड्याच्या पश्चिम बाजूची जागाही आम्हाला सहलीत कोणी दाखवली नाही.

जेवणाबद्दल. मी शाकाहारी आहे, तेव्हा भारतीय जेवणाची सोय मला नको होती असे म्हणणार नाही. पण सातही दिवस दोन्ही वेळा पनीर आणि दालफ्राय खाऊन परतायचे, यात शहाणपण नाही. किमची या आंबवलेल्या तिखट भाजीतही बहुधा माशाचा किंवा कोळंबीचा अंश असतो, त्यामुळे बाजारात जपूनच वागावे लागते. १९०५ पासून भरणाऱ्या ग्वांगजांग बाजारात एक बाई भिजवलेले मूग जात्यात दळत होत्या. विजेवर फिरणारे दगडी जाते, वरून पळीने मूग सोडायचे, कडेने पिवळसर पीठ उतरायचे. ते पीठ तेलात जाडसर पसरले की झाले बिनदेत्तोक. आपले मुगाचे धिरडेच, फक्त तेल पुष्कळ. त्यात डुकराचे मांस असू शकते, म्हणून मी खाल्ले नाही, नातीने खाल्ले. मी जात्यापाशी उभी राहून आईचे हात आठवत राहिले.

माझे खरे जेवण झाले ते जिन्ग्वानसा या भिक्षुणींच्या मठात. सोलच्या वायव्येला, बुखानसान डोंगराच्या पायथ्याशी हा मठ आहे. कोरियात २००२ सालच्या फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने मठांनी पाहुण्यांसाठी दारे उघडली आणि ती प्रथा चालू राहिली. आम्ही एक रात्र राहिलो. मठाच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नाहीतच, पण पाच उग्र वस्तूही वर्ज्य: लसूण, कांद्याची पात आणि त्या कुळातल्या आणखी दोन भाज्या. पाचवी वस्तू कोणती असावी? हिंग! कोरियात हिंग पिकत नाही, पण बौद्ध ग्रंथांबरोबर ‘हिंगु’ हा शब्द चीनमार्गे तिथवर पोहोचला आणि वर्ज्य पदार्थांच्या यादीत टिकून राहिला. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो हे नातीने सांगितल्यावर तिथल्या भिक्षुणी कितीतरी वेळ मान डोलावत होत्या.

एकात एक बसणाऱ्या चार वाडग्यांत भात, सार, भाजी आणि पाणी घ्यायचे. जेवणाआधी श्लोक म्हणायचा. अन्नाचा कण टाकायचा नाही. शेवटी मुळ्याच्या लोणच्याची एक चकती ठेवलेली असते. गरम पाणी ओतून तिने वाडगे पुसायचे, चकती खायची आणि ते पाणी पिऊन टाकायचे. पहिल्या क्षणी मी अडखळले. मग ताट धुऊन पाणी पिणारे माझे आजोबा आठवले आणि मी वाडगे तोंडाला लावले. या मठाच्या एका देवळाची दुरुस्ती चालू असताना २००९ साली भिंतीत दडवलेला १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीतला ध्वज सापडला. जपानी झेंड्यावरच कोरियाचे चिन्ह रंगवून तो बनवला होता.

बुकछोन या जुन्या घरांच्या वस्तीबद्दल मात्र तक्रार आपल्याच माणसांविषयी आहे. तिथे लोक राहतात, तो देखावा नव्हे. पर्यटकांच्या गोंगाटाला कंटाळून तिथल्या प्रशासनाने मुख्य गल्ल्यांत फक्त सकाळी १० ते संध्याकाळी ५ पर्यंत पर्यटकांना मुभा ठेवली आहे. मार्च २०२५ पासून नियम मोडणाऱ्याला एक लाख वॉन, म्हणजे सुमारे सहा हजार रुपये दंड आहे. ‘शांत राहा’ अशी पाटी हातात धरून एक स्वयंसेविका उभी होती. तिच्या समोरच आमच्यातली मंडळी गल्लीच्या दोन टोकांवरून एकमेकांना हाका मारत होती. मला मान वर करवेना.

आणि उत्तर व दक्षिण कोरियामधल्या सीमेविषयी एक गोष्ट, जी मी कोल्हापूरची म्हणून सांगतेच. सीमेजवळच्या सहलीत उत्तर कोरियाने खोदलेले भुयार दाखवले, उत्तरेकडे पाहायला दुर्बिणी दाखवल्या. पण कोरियन युद्धातल्या १९५३ च्या युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय सैन्याने घेतली होती, आणि त्या दलाचे प्रमुख होते आपल्या वडगावचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, हे कोणीही सांगितले नाही. भारतीय सैन्याने दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू नये असा तिथल्या सरकारचा हट्ट होता, म्हणून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. हे मी वडिलांकडून ऐकले होते. बसमध्ये उठून सांगितले, तेव्हा तोवर पेंगणारी मंडळी सरसावून बसली आणि परतीच्या वाटेवर प्रश्न विचारत राहिली. म्हणजे ऐकण्याची इच्छा लोकांना आहे.

सहल कंपन्यांना माझी विनंती अशी: खरेदीचा एक अर्धा दिवस कमी करून तो राजवाड्याला द्या, एक तरी जेवण मठात ठेवा, आणि बुकछोनला नेण्याआधी बसमध्येच चार शब्द समजावून सांगा. सहलपूर्व बैठकीत हानगुलसाठी एक तास ठेवणार असाल, तर कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत कुठेही स्वखर्चाने येऊन ती चोवीस अक्षरे शिकवायला मी तयार आहे. खडू मी माझे आणीन.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, कोल्हापूर