गाडी उंच करून देणाऱ्याकडे कास्टरचा कागद मागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात एक पंचविशीतला मुलगा आमच्या गॅरेजसमोर गाडी लावून खाली उतरला, तेव्हा त्याचे हात थरथरत होते. आनेवाडीचा टोलनाका सोडल्यावर एका पुलाच्या सांध्यावर पुढचं चाक आपटलं आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे झोडपायला लागलं. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते आवरलं नाही. शेजारी त्याची आई बसली होती. ती माउली बराच वेळ गाडीतून उतरलीच नाही. तिचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून हे पत्र लिहितो आहे.

एसटीच्या विभागीय कार्यशाळेत मी ३१ वर्षं पुढचा ॲक्सल आणि स्टिअरिंगचं काम केलं. आता मुलाच्या गॅरेजात बसतो. पावसाळा लागला की कासच्या वाटेवर उंच केलेल्या गाड्यांची रांग लागते. तरुणांच्या या हौसेला माझा विरोध नाही. डोंगरातल्या रस्त्याला गाडीचं पोट टेकू नये, हे मलाही कळतं. पण उंची वाढवताना पुढच्या ॲक्सलचं काय होतं, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या मुलाची गाडी त्या प्रसंगाच्या तीन आठवडे आधी तीन इंचांनी उचलली होती. स्प्रिंग उंच घातल्या, मोठे टायर चढवले, काम झालं. स्टिअरिंग हलकं झालंय, सरळ रस्त्यावरही गाडी डावी-उजवीकडे पळते, अशी तक्रार घेऊन तो गाडी उचलणाऱ्याकडे परत गेला, तर त्याने आधी टायर बॅलन्स करायला सांगितलं आणि मग स्टिअरिंगचे हादरे दाबणारा स्टिअरिंग डॅम्पर विकला. डॅम्परने थरथर दबते, रोग जात नाही. डॅम्पर थकला की तीच थरथर भलत्या वेळी उफाळते. त्या पुलावर तेच झालं. मधे दोन ठिकाणी त्याने अलाइनमेंटही केली होती. दोन्हीकडे फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, बघून कागद हातात दिला होता. आम्ही चाकं फिरत्या प्लेटवर घेतली, दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश वळवून कास्टर मोजला. जेमतेम अर्धा अंश शिल्लक होता.

कास्टर म्हणजे काय, हे सायकल बघितली की कळतं. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीचं पुढचं चाक ज्या खुंटीभोवती वळतं, त्या किंगपिनलाही तसाच मागे कल दिलेला असतो. तो कल म्हणजेच कास्टर. जिप्सी, जिम्नी, जुन्या जीप यांच्या पुढे दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड ॲक्सल असतो. जिम्नीसारख्या गाडीत तो मागे चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, जाणाऱ्या दोन आर्मनी धरलेला असतो. चेसिस वर गेली की आर्म उतरते होतात आणि त्यांच्याबरोबर अख्खा ॲक्सल पुढे कलतो. समजा, आर्म एक मीटर लांब आहे आणि गाडी पन्नास मिलिमीटर उचलली, तर जवळपास तीन अंश गेले. आर्म आखूड असेल तर आणखी जातात. मुळात कास्टर मोजकाच दिलेला असतो, त्यातले तीन गेले तर उरतं काय? पाट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीत पुढच्या बाजूला शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला जोडणारी हलती कडी, असेल आणि तो लांब घातला, तरी ॲक्सल असाच पुढे कलतो. २०२० नंतरच्या थारला पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिचा हिशेब वेगळा.

आम्ही आर्मच्या सांध्यात छिद्र मध्यापासून सरकवलेले बुश घातले, कास्टर परत आणला. गाडी सरळ चालायला लागली. मुलगा खूश झाला, मीही झालो. आठ दिवसांनी तो पुन्हा दारात. म्हणाला, "काका, आता फरशी गुणगुणते." मी स्वतः शेजारी बसलो. यवतेश्वरचा घाट चढून वर सपाटीला लागलो, रस्ता ओला होता, फोर-एच लावला, म्हणजे चारही चाकांना जोर दिला. पन्नासच्या आसपास पायाखालून बारीक थरथर सुरू झाली. स्टिअरिंग मात्र शांत. टू-एचला, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, आणलं, तर थरथर गायब. पुढच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या शाफ्टचीच ती खूण.

इथेच खरी मेख आहे. किंगपिन आणि पिनियन (शाफ्ट ज्याला जोडतो तो ॲक्सलचा दात्यांचा दांडा) एकाच ॲक्सलवर आहेत, एकाचा कोन बदलला की दुसऱ्याचाही बदलतो. कास्टर परत आणायला ॲक्सल मागे फिरवला, तसं पिनियनचं नाक खाली गेलं. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी ट्रान्सफर केस तर गाडीबरोबर तीन इंच वर गेलेली. या दोघांमधला शाफ्ट आखूड, त्याचा उतार वाढला. शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, जास्त कोनात फिरायला लागला की शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. ताशी ८० किलोमीटरला सव्वादोन मीटर घेराचं चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेतं. ॲक्सलचा रेशो चार धरला, तर शाफ्टचे चाळीस फेरे, म्हणजे ऐंशी हिसके. बॅलन्स बिघडलेलं चाक त्याच वेगाला दहाच हिसके देतं, आणि ते हातांना कळतात. शाफ्टचे हिसके तळव्यांना कळतात. एवढा फरक ओळखता आला, तरी टायर बॅलन्सिंगवर फुकट जाणारे पैसे वाचतील.

शेवटी आम्ही तीन इंचांची उंची दीड इंचावर आणली आणि बुशही त्या मानाने बदलले. मुलाला थोडं वाईट वाटलं. पण आता स्टिअरिंगही शांत आहे आणि फरशीही. तीन इंच हवेच असतील, तर ॲक्सलच्या नळीच्या टोकांवरचे नकल, म्हणजे किंगपिन धरणारे भाग, कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. म्हणजे पिनियन जागेवर राहतो आणि कास्टर वेगळा मिळतो. पण त्या वेल्डवर पुढची दोन्ही चाकं उभी असतात. मोजक्याच हातांनी करावं असं ते काम आहे.

कायद्याचंही बोललं पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. तरी गाड्या उचलल्या जातातच. माझ्याकडे आलेल्या एकाही उंच गाडीच्या मालकाकडे या कामाचं पक्कं बिल नव्हतं. बिल नाही म्हणजे जबाबदारीही कुणाची नाही. परिवहन खात्याने एक तर हे काम खरोखर बंद करावं, नाहीतर किती उंचीपर्यंत आणि कोणत्या मोजमापावर चालेल, ते ठरवून द्यावं.

तोवर वाचकांना माझी विनंती आहे. मुलगा गाडी उंच करून घरी आला, तर आधीचा आणि नंतरचा कास्टर किती, ते दोन आकडे लिहिलेला कागद त्याच्याकडे मागा. कागद नसेल, तर मोजून घेईपर्यंत ती गाडी हायवेवर नेऊ देऊ नका.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सातारा